बी१२ नॉर्मल आहे, मग हा चालत का नाही?

रुग्णालयांच्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या सर्व विभागप्रमुखांस आणि कॅज्युअल्टीत बसणाऱ्या सर्व डॉक्टरांस,

सविनय नमस्कार.

माझ्यासमोर रक्ततपासणीचा एक फॉर्म आहे. एका शिकाऊ डॉक्टरनं घाईघाईच्या अक्षरात त्यावर ‘होमोसिस्टीन, एमएमए – अर्जंट’ असं लिहिलंय, म्हणजे बी१२ जीवनसत्त्व शरीरात खरंच काम करतंय का हे सांगणाऱ्या दोन तपासण्या. त्याखाली प्रयोगशाळेचा शेरा आहे : ‘बी१२ नॉर्मल. तपासणीची गरज नाही. सँपल रिजेक्ट.’ फॉर्मवरचं नाव माझ्या धाकट्या भावाचं. वय २३. हा शेरा पडला त्या दिवशी त्याला बाथरूमपर्यंत जायला एका बाजूनं भिंत आणि दुसऱ्या बाजूनं माझा खांदा लागत होता.

मी बाहेरून येऊन बोट दाखवणारी नातेवाईक नाही. गेली १८ वर्षं मी स्वतः प्रयोगशाळेत रक्त तपासते, तुमच्यासारखेच रिपोर्ट सोडते. त्यामुळे या पत्रात राग आहे तो निम्मा माझ्यावरचाच आहे. ‘बी१२ कमी आलं तरच पुढच्या तपासण्या करायच्या’ हा नियम आमच्याकडेही होता. तो ठरला त्या बैठकीत मी बसले होते आणि उगाच येणारी सँपल्स कमी होतील म्हणून मान डोलावली होती. या नियमाखाली सापडणारा माणूस कसा दिसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तो असा दिसतो. आधी तळपायांना मुंग्या. मग अनवाणी असतानाही मोजे घातल्यासारखं वाटणं. मग अंधारात पाऊल कुठं पडतंय ते कळेनासं होणं. तोंड धुताना डोळे मिटले की तो बेसिनवर कलंडायचा. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून करंट गेल्यासारखं व्हायचं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी बी१२ पाठवलं, ४१२ आलं. छापलेली रेंज २०० ते ९००. हिमोग्लोबिन चांगलं, लाल पेशींचा आकारही नॉर्मल. ‘ताण दिसतोय, झोप नीट घे’ असं सांगून घरी पाठवलं. दुसऱ्या खेपेला पाय उचलेनात, तेव्हा गियाँ-बारेची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते त्या आजाराची, शंका आली, पाठीतलं पाणी काढलं, आणि लघवीतून ड्रग्जची तपासणीही झाली. ती निगेटिव्ह. आईनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, जणू चारित्र्याचा दाखला.

भरती होऊन तिसऱ्या रात्री ड्युटीवरच्या नर्सनं बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, “फुग्यातून गॅस-बिस ओढतोस का रे?”

“हो,” तो म्हणाला.

तीन आठवड्यांत सहा डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं. नंतर मी त्याच्यावर चिडले, इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी का धरलीस म्हणून. तर म्हणाला, “ताई, ते विचारायचे ड्रग्ज घेतोस का. ते मी घेतच नाही.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी तो लाफिंग गॅस होता, हसायचा, दोन मिनिटांत उतरणारा. वर एक गोष्ट त्यानं अगदी निरागसपणे सांगितली : मित्र म्हणाले होते, बी१२ च्या गोळ्या घेत राहिलं की नसांना काही होत नाही, म्हणून तो रोज गोळी घ्यायचा. ४१२ चा आकडा कुठून आला, ते मला त्या क्षणी कळलं.

आता जे लिहिणार आहे ते तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. तरीही लिहिते, कारण माहीत असणं आणि फॉर्मवर असणं यांत फरक आहे.

आपण मोजतो ते रक्तातलं एकूण बी१२. त्यातला मोठा भाग हॅप्टोकोरिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेला असतो, आणि तो बहुतेक पेशींच्या कामाचा नसतो. पण नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे याच लाफिंग गॅसचा, घोटाळा याच्याही पुढचा आहे. बी१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. हा गॅस त्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करतो. मग त्या बी१२ च्या जोरावर चालणारं मेथिओनिन सिंथेज हे एन्झाइम कायमचं निकामी होतं. शरीरानं नवं बनवेपर्यंत काम ठप्प. बी१२ रक्तात असतं, मोजलं जातं, आकडाही देतं, फक्त चालत नाही. डब्यातल्या किल्ल्या मोजून ‘पुरेशा आहेत’ असं आपण लिहून देतो, त्यांचे दात झिजलेत का ते पाहत नाही.

एन्झाइम थांबलं की होमोसिस्टीनचं मेथिओनिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल होत नाही. होमोसिस्टीन साठतं, आणि मेथिओनिनपासून जे पुढं तयार व्हायचं, ज्यावर नसांचं मायलिनचं आवरण टिकून राहतं, ते तुटपुंजं पडतं. बी१२ लागणारा दुसरा रस्ता अडला की मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे आपलं एमएमए, वाढतं. तेव्हा किल्ली फिरते की नाही हे सांगणाऱ्या तपासण्या या दोन. नेमक्या त्याच तपासण्यांच्या दारात आपण बी१२ चा आकडा पहारेकरी म्हणून उभा केलाय.

हे ज्ञान नवं असतं तर मी एवढं बोलले नसते. १९५६ साली धनुर्वाताच्या रुग्णांना दिवसेंदिवस नायट्रस ऑक्साइड दिल्यावर त्यांचा अस्थिमज्जा दबल्याची नोंद झाली. १९७८ मध्ये लेझर या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये १५ रुग्ण मांडले. मज्जारज्जू आणि नसा दोन्ही बिघडलेले. त्या १५ पैकी १४ दंतवैद्य होते! १३ जण गॅस स्वतः ओढायचे, आणि दोघांना तर फक्त हवा न खेळणाऱ्या दवाखान्यात काम करून हे झालं होतं. म्हणजे हा आजार पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो आपल्याच पेशात. भूल देण्यासाठी, दात काढताना, बाळंतपणाच्या कळा सोसवाव्यात म्हणून ऑक्सिजनसोबत मोजून-मापून दिलेला हा गॅस आजही उपयोगाचा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कागदांशी. नेदरलँड्सनं १ जानेवारी २०२३ पासून त्याच्या करमणुकीसाठीच्या वापरावर बंदी आणली, ब्रिटननं त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला क वर्गातला अमली पदार्थ ठरवलं. कायदे हलले. आपला फॉर्म होता तिथंच आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या शेऱ्याबद्दल. बी१२ नॉर्मल म्हणून होमोसिस्टीन नाकारणं हा इतर बहुतेक रुग्णांसाठी शहाणपणाचा नियम असेल. या रुग्णांसाठी तो उलटा आहे : इथं बी१२ नॉर्मल आहे म्हणूनच होमोसिस्टीन लागतं. आणि नियम चुकीच्या माणसाला लागला तर त्यातून बाहेर पडायची खिडकीच नाही. शिकाऊ डॉक्टरनं फॉर्मवर कारण लिहिलं होतं, ‘नायट्रस ऑक्साइड’ असं स्पष्ट. ते कुणी वाचलं नाही. काउंटरवरच्या माणसाला दोष देत नाही. त्याला संगणक जे दाखवतो ते तो करतो. मीही तेच केलं असतं. केलंही असेल.

दुसरी तक्रार वेळेची, आणि ही मला सगळ्यात जास्त सलते. गॅसचं कळताच वॉर्डातल्या डॉक्टरांनी बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली. ते अगदी बरोबर केलं, त्यांचे उपकार आहेत. पण सँपल परत आलं होतं. वरिष्ठांचे फोन, पुन्हा फॉर्म, पुन्हा सही, यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रक्त घेतलं तोवर तीन इंजेक्शनं झाली होती आणि गॅस तर केव्हाच बंद. होमोसिस्टीन आलं १९. आपली वरची मर्यादा बहुधा १५ असते, म्हणजे ‘किंचित वाढलेलं’. या आजारात ते १०० च्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. ते उपचार सुरू झाले की भराभर उतरतं. एमएमए सावकाश उतरतं. त्याचं खरं होमोसिस्टीन किती होतं हे आता कुणालाच कधी कळणार नाही. तो १९ चा आकडा मात्र त्याच्या फाइलमध्ये राहिला, आणि पुढच्या एका डॉक्टरांनी तो पाहून ‘मग हे गॅसचं नसावं’ असंही म्हणून टाकलं. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला उलट्या ‘व्ही’सारखी पांढरी खूण दिसली तेव्हा वाद मिटला. पण ही खूण सगळ्यांत दिसत नाही. ज्यांच्यात दिसत नाही त्यांचा वाद कोण मिटवणार?

याला जोडून सँपलच्या हाताळणीचं. होमोसिस्टीनची ट्यूब बर्फात ठेवावी लागते आणि तासाभराच्या आत फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नाही तर लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. आपल्याला हे पाठ आहे. वॉर्डात ते कुणी सांगितलंय का? रात्री दोनला घेतलेली ट्यूब सकाळी सातपर्यंत ट्रेमध्ये पडून राहते, मग एक तर ती आपण फेकतो किंवा, देव करो आणि तसं न होवो, तशीच लावतो. दोन्हींत रुग्णाचं नुकसान.

तिसरी तक्रार त्या ‘निगेटिव्ह’ कागदाची. लघवीतली नेहमीची ड्रग्जची पट्टी नायट्रस ऑक्साइड पकडतच नाही, पकडू शकतही नाही. हा गॅस शरीरात जवळजवळ बदलत नाही. ओढणं थांबलं की काही मिनिटांत बहुतेक सगळा फुप्फुसांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. रक्तात तो शोधायचा तर हवाबंद बाटलीत तत्काळ घेतलेलं रक्त आणि गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, आणि ते शवविच्छेदनाच्या किंवा पोलीस तपासाच्या कामाचं, मुंग्या येतात म्हणून चालत आलेल्या पोराच्या नव्हे. हे ठीकच आहे. पण मग रिपोर्टवर ‘ड्रग स्क्रीन : निगेटिव्ह’ एवढंच का छापायचं? आईच काय, दोन डॉक्टरही त्या कागदावर विसंबले. कशाकशाची तपासणी झाली आणि कशाची झाली नाही हे लिहायला दोन ओळी पुरतात.

चौथी, एमएमएची. ते बाहेरच्या प्रयोगशाळेत गेलं आणि १६ दिवसांनी आलं. वाढलेलं होतं. तोवर सगळं ठरून गेलं होतं. त्यासाठी लागणारं मास स्पेक्ट्रोमेट्रीचं यंत्र प्रत्येक रुग्णालयात असणार नाही हे मला कळतं. म्हणून यावर फार ताणत नाही.

पाचवी तक्रार कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांकडे, आणि ती प्रश्नाची आहे. ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला हा रुग्ण नाहीच म्हणणार. फुगा, लाफिंग गॅस, नळकांडी, सिलिंडर, हे शब्द तुमच्या तोंडून आले पाहिजेत. आणि किती, तेही विचारा. पूर्वी ८ ग्रॅमची छोटी नळकांडी असायची, मोजता यायची. आता ६०० ग्रॅमचा एकच सिलिंडर म्हणजे तशी ७५ नळकांडी, आणि पोरगं सांगतं ‘एकच’. ओठांवर किंवा मांडीवर थंडीनं भाजल्यासारखा डाग दिसला तर तोही वाचा. सिलिंडरमधून सुटणारा गॅस कातडी जाळण्याइतका गार असतो. विचारताना आई-वडिलांना बाहेर पाठवा. दरडावू नका. त्या नर्सनं दरडावलं असतं तर तिलाही ‘नाही’च मिळालं असतं.

इथं माझ्या बाजूचा एक कच्चा दुवा मीच सांगून टाकते, म्हणजे कुणी तो माझ्या तोंडावर फेकायला नको. होमोसिस्टीन वाढलं म्हणजे गॅसच, असं नाही. फोलेट हे जीवनसत्त्व कमी असेल, किडनी किंवा थायरॉइड बिघडलेली असेल तरी ते वाढतं. किडनीच्या रुग्णात एमएमएही वाढतं. म्हणून सोबत क्रिएटिनिन आणि फोलेट हवं, आणि सगळ्यात आधी रुग्णाचं बोलणं हवं. कुठलाही एक आकडा हा आजार सिद्ध करत नाही. तसाच कुठलाही एक आकडा तो नाकारतही नाही, आणि आपण नेमकं तेच करत बसलो होतो.

आता मागण्या. मोठी यंत्रं मागत नाही.

फॉर्मवर किंवा संगणकावर ‘नायट्रस ऑक्साइडचा संशय’ अशी एक चौकट द्या. तिथं खूण असेल तर बी१२ कितीही असो, होमोसिस्टीन आणि एमएमए नाकारलं जाणार नाही, असा नियम करा. रिजेक्ट करायचंच झालं तर शेरा मारण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरला एक फोन करा, आणि तो फोन कुणी, किती वाजता केला ते लिहून ठेवा. काउंटरवरच्या माणसाला ‘थांबा, विचारतो’ म्हणायची मुभा द्या. आज ती त्याला नाही.

कॅज्युअल्टीत एक बर्फाचा डबा आणि त्यावर एक चिठ्ठी : आधी ट्यूब, मग इंजेक्शन. मधे पाच मिनिटं जातात, जास्त नाही. ट्यूब मिळत नसेल, प्रयोगशाळा बंद असेल, तर इंजेक्शन थांबवू नका. हे मी प्रयोगशाळेतली बाई सांगते आहे : आमच्या रिपोर्टची वाट पाहू नका. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना हेच म्हणतात, की संशय पुरेसा आहे, गॅस बंद करा आणि बी१२ सुरू करा. आणि फोलिक अॅसिड द्यायचं तर बी१२ च्या आधी एकटं देऊ नका. उपचार सुरू झाल्यावर घेतलेल्या होमोसिस्टीनच्या रिपोर्टवर तसं ठळक छापा, म्हणजे १९ चा अर्थ पुढचा डॉक्टर १९ असा लावणार नाही.

ड्रग स्क्रीनच्या रिपोर्टवर, ‘या तपासणीत नायट्रस ऑक्साइडचा समावेश नाही’ हे वाक्य घाला.

एमएमए बाहेर पाठवत असाल तर ते किती दिवसांत येणार हे वॉर्डाला त्याच दिवशी कळवा. १६ दिवस रोज काउंटरवर जाऊन विचारायला प्रत्येक रुग्णाची बहीण मोकळी नसते, आणि तिला विचारायचं काय हेही माहीत नसतं.

भाऊ आता काठीशिवाय चालतो. धावत नाही. जिना उतरताना पायरीकडे बघूनच उतरतो आणि पायाची बोटं अजून बधिर आहेत. किती भरून येईल हे मेंदूविकारतज्ज्ञ नक्की सांगत नाहीत. नुकसान भरपाई, चौकशी, कुणाची बदली, यातलं मला काही नको. रुग्णालयाचं नाव म्हणूनच लिहिलेलं नाही. ते नाव काढून तुमचं घातलंत तरी पत्रातली एक ओळ बदलावी लागेल असं मला वाटत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतला नियम गेल्या महिन्यात बदलला. आमच्या विभागप्रमुखांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. आता तिथून बाहेर पडणाऱ्या बी१२ च्या प्रत्येक रिपोर्टखाली एक टीप छापली जाते. ती घालायला आमच्या संगणकवाल्या मुलाला दहा मिनिटं लागली. मसुदा खाली देते. कुणाचीही परवानगी न विचारता उचला :

‘रक्तातील बी१२ नॉर्मल असले तरी नायट्रस ऑक्साइडमुळे होणारी बी१२ ची कार्यात्मक कमतरता नाकारता येत नाही. हातापायांना मुंग्या, तोल जाणे किंवा पायांत अशक्तपणा असल्यास रुग्णाला फुग्यातून किंवा सिलिंडरमधून गॅस ओढण्याबद्दल एकांतात विचारावे. बी१२ चे इंजेक्शन देण्यापूर्वी होमोसिस्टीन व एमएमएसाठी रक्त घ्यावे (होमोसिस्टीनची ट्यूब बर्फात, तासाभरात प्रयोगशाळेत). रिपोर्टसाठी उपचार थांबवू नयेत.’

कळावे,

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ